चाक कुणी थांबवायचं

त्या वर्षी विहिरींचं पाणी खोल गेलं आणि दोर वळणाऱ्यांच्या घरी कामाचा नुसता धबडगा उडाला. लोकांची अडचण ती आपली चलती, असं तोंडानं कुणी म्हणत नाही. पण जुना दोर पाण्याला टेकेना झाला की माणूस लांब दोर आणायला जाणार कुठं? गावाच्या कडेला ओढ्यालगत या घराची दोर वळायची पट्टी होती. साठ पावलं लांब, दोन्ही अंगांना झाडं, मधली जमीन पायांनी दगडासारखी घट्ट झालेली. एका टोकाला लाकडी चाक, आणि चाकाशी घरची सून.

मूठ धरून चाक फिरवलं की पुढचा हूक गरगर फिरायचा. त्या हुकाला वाखाचं, म्हणजे घायपाताच्या तंतूंचं, टोक अडकवून सासरा उलटा चालत जायचा. कमरेला विंचरलेल्या वाखाचा भारा गुंडाळलेला, तोंड चाकाकडं, आणि बोटं एकेक धागा सोडत असलेली. त्याच्या बोटांतून पीळ घेतलेली सुतळी निघायची आणि अशा सुतळ्या एकत्र वळल्या की दोर व्हायचा. चाळीस वर्षं म्हातारा असा उलटा चालत होता. सरळ चालताना तो कधीमधी अडखळेल, उलटा चालताना नाही, असं गाव गमतीनं म्हणायचं.

या कामात एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची बिशाद नव्हती. चाकावरच्या माणसानं आपल्या मनानं चाक थांबवायचं नाही. म्हातारा तिकडून "हो!" म्हणाला की थांबायचं, "चल!" म्हणाला की सुरू. नाकावर माशी बसो की खांदा निखळो. बोटात काय चाललंय ते दोर वळणाऱ्यालाच कळतं, चाकावरच्याला कळत नाही. सून चार वर्षांत एकदाही चुकली नव्हती. वेळ जावा म्हणून ती मनातल्या मनात फेरे मोजायची, तेवढाच तिचा विरंगुळा.

एका सकाळी यांचे दोर विकणारा दुकानदार आला तो तुटलेला दोर घेऊनच. फाटकातूनच त्यानं दोन्ही तुकडे आत भिरकावले.

"आबा, हा दोर आहे की म्हातारीचे केस? भरलेली बादली गेली विहिरीत. ओढणारी बाई कठड्यावरून तोंडावर जाता जाता वाचली. लोक माझ्या दारात येऊन शिव्या घालतायत!"

रस्त्यानं जाणारे चारजण थांबले. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो? म्हाताऱ्यानं तुटकं टोक उचललं, अंगठ्यानं चाचपलं, डोळे बारीक केले.

"इथं वाख कमी आणि पीळ जास्त. चाक पळवलंय," तो म्हणाला आणि सगळ्यांसमोर सुनेकडं बोट केलं. "हिचा हात असतो चाकावर. माझी बोटं चाळीस वर्षांत चुकली नाहीत."

"मी नाही पळवलं, आबा."

"मग काय चाकाला पाय फुटले?"

चारजण हसले. सुनेचे कान तापले. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याला सगळे घुम्या म्हणत आणि ते काही उगाच नाही. घुम्या आपल्या पायाची नखं बघत उभा होता. दुकानदार जाताना म्हणाला, "आणखी एक दोर परत आला तर मी दुसरीकडनं माल घेईन. मग म्हणू नका सांगितलं नाही."

त्याच दिवशी सुनेचं चाक गेलं. तिथं घुम्याला बसवलं आणि तिला सासूशेजारी वाख विंचरायला पाठवलं. लाकडी फळीवर लोखंडी दात ठोकलेले असतात, त्यांच्यावरून वाखाच्या जुड्या झटकून ओढायच्या. हाताला बारीक कुसळं टोचायची, नाकात धूळ जायची. पण सुनेला टोचत होतं ते वेगळंच. आळशी म्हणाले असते तर सोसलं असतं, पण न केलेल्या चुकीचा ठपका अन्नासारखा गिळता येत नाही.

विंचरायची जागा पट्टीच्या बरोबर मध्यावर होती. चाकावरून म्हातारा साठ पावलांवरची एक आकृती दिसायचा, तोही उन्हाच्या तिरिपीत. इथून तो पाच हातांवरून जायचा. चार वर्षांत पहिल्यांदाच सुनेनं त्याला काम करताना जवळून पाहिलं आणि राग असूनही ती बघत राहिली. काय बोटं होती! वाख जणू आपण होऊन त्यांच्यात शिरत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा समोर आला आणि थबकला.

"कुठं जळतंय का गं?" त्यानं विचारलं.

सासू लगेच हातातलं टाकून उठली. वाखाच्या घरात हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेत नाही. एक ठिणगी पडली तर घर, माल, झाडं सगळं खाक. सासू गुडघे धरत चुलीकडं धावली. सून मात्र बसल्या जागी राहिली, कारण तिची नजर म्हाताऱ्याच्या तोंडावर होती.

तो उभा होता. डोळे उघडे, पण बघत नव्हते. जबडा हलत होता, तोंडात काही असल्यासारखा. डावा हात सदऱ्याचं बटण चिवडत होता. उजव्या हातातला वाख तसाच धरलेला, एक धागा सुटत नव्हता, आणि तिकडं घुम्या नियमाप्रमाणं चाक फिरवतच होता. सुतळी पीळ खाऊन खाऊन तारेसारखी ताणली.

"आबा? अहो आबा!"

जबडा तसाच हलत राहिला. सुनेच्या डोक्यात आपोआप फेरे सुरू झाले. अडतीस मोजले आणि म्हाताऱ्यानं लांब श्वास घेतला, पापण्या मिटल्या, उघडल्या, आजूबाजूला पाहिलं, हातातल्या सुतळीकडं पाहिलं आणि ओरडला:

"अरे ए घुम्या! चाक कशाला पळवतोस? कुणी पाठीमागं लागलंय का?"

घुम्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. असं तोंड सुनेनं आधी पाहिलं होतं. या म्हाताऱ्याचं नाही, आपल्या धाकट्या बहिणीचं.

"चूल तर विझलेली आहे," सासू धापा टाकत परत आली. "दर आठ-पंधरा दिवसांनी यांना वास येतो. मेलं कधी काही जळत नाही."

"आई, हे असे थांबतात ते कधीपासून?"

"थांबतात? अगं, विचारात असतात. तीन वर्षं झाली. वय झालं की माणूस विचार करतो."

"तोंड चावत विचार करतात?"

सासूनं एक जुडी उचलली आणि दातांवर जरा जास्तच जोरात झटकली.

सुनेच्या बहिणीला तीन तऱ्हेच्या फिट यायच्या. एक मोठी, सगळं जग ओळखतं ती. धाडकन पडणं, अंग ताठणं, हातपाय झाडणं, तोंडाला फेस. दुसरी अगदी किरकोळ. नुसता डावा हात उडायचा, ती पूर्ण शुद्धीत, उलट "बघ गं ताई, हात नाचतोय" म्हणून हसायची. आणि तिसरी ही. पाटीवर लिहिता लिहिता पेन्सिल धरून बघत राहायची. तिसरीलाही फिट म्हणतात हे कळायच्या आधी दोन वर्षं मास्तरांनी तिला छड्या मारल्या, लक्ष नसतं म्हणून. आता बहीण गोळ्या घेते, शिवणकामाचं दुकान चालवते, दोन पोरांना आणि नवऱ्याला धाकात ठेवते.

म्हाताऱ्याला हे सांगायचं कसं? तो माणसाचं ऐकणारा नव्हता. ऐकलं तर दोराचं ऐकायचा. सुनेनं दोन दिवस कोठीतल्या सुतळ्या हातांखालून घातल्या. जिथं जिथं तार झालेली जागा लागली तिथं तिथं चिंधी बांधली. मग एक तिच्या हातची सुतळी आणि एक घुम्याच्या हातची घेऊन ती सासऱ्यापुढं बसली.

"आबा, डोळे मिटून सांगा. यातली माझी कुठली आणि यांची कुठली?"

"हा काय पोरखेळ?"

"सांगा तरी."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. बोटं चिंध्यांवरून फिरली. एकदा, दोनदा, परत मागं. त्याच्या कपाळावर आठी आली.

"दोन्ही सारख्या," तो शेवटी म्हणाला.

"मी आणि हे, दोघंही अगदी एकसारखे चुकणार का? चाक पळत नाही, आबा. तुमची बोटं थांबतात. अर्धं मिनिट तुम्ही तिथं नसता. ती फिट असते. लहान. माझ्या बहिणीला..."

"फिट?" म्हातारा उठून उभा राहिला. "फिट आलेला माणूस पडतो! फेस येतो! मी इथं खांबासारखा उभा असतो आणि तू मला मिरगीवाला ठरवतेस? स्वतःची चूक झाकायला आपल्या माहेरचा रोग माझ्या गळ्यात बांधतेस?"

माहेरचं नाव निघालं तसं सुनेला रडू फुटलं. अपमानापेक्षा तिला रागच जास्त आला होता, पण डोळ्यांना ते कोण सांगणार? ती मागच्या दारी जाऊन पायरीवर बसली. थोड्या वेळानं घुम्या आला, शेजारी बसला. मग म्हणाला, "मी चाक पळवलं नव्हतं."

"मला माहीत आहे."

"म्हणजे तूही पळवलं नव्हतंस."

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि हे त्याचं सगळ्यात लांब भाषण होतं. सुनेला रडता रडता हसू आलं.

दोन दिवसांनी डांबराचं काम निघालं. विहिरीचे दोर कुजू नयेत म्हणून त्यांना पातळ डांबरातून काढतात. अंगणात तीन दगडांवर मोठी लोखंडी कढई, खाली जाळ, वर रटरटणारं काळं डांबर. म्हातारा लांब काठीनं दोर बुडवायचा, फिरवायचा, काढायचा. सून सकाळपासून त्याच्या मागंमागं.

"सावलीसारखी काय फिरतेस? काम नाही?"

"हेच काम आहे."

"निर्लज्ज," म्हातारा पुटपुटला. पण हाकललं नाही, कारण धुरानं त्यालाही खोकला आला होता.

ऊन वर आलं. कढईभोवती श्वास घेणं नको झालं. म्हाताऱ्यानं काठी फिरवता फिरवता मान वळवली आणि विचारलं, "कुठं जळतंय का?"

घुम्या म्हणाला, "आबा, समोर जाळच आहे की."

पण सुनेनं पुढचं ऐकलंच नाही. डांबराच्या वासात उभा राहून ज्याला आणखी कसला जळका वास येतो, तो वास बाहेरून येत नाही. तिनं पाहिलं तर जबडा हलायला लागला होता. काठी हातातून सुटून डांबरात आडवी झाली आणि म्हाताऱ्याचा रिकामा हात त्या काठीच्या मागं कढईकडं निघाला, सावकाश, वाडग्यातलं काही घ्यायला निघावा तसा.

ती ओरडली नाही, हिसकाही दिला नाही. बहिणीला असं धरायची सवय होती तिला. पाठीमागून खांद्याला हात लावला, दुसऱ्या हातानं कोपर धरलं आणि हलकेच वळवलं. "चला आबा, इकडं. या. असं." चाळीस वर्षं कुणाचं न ऐकलेला माणूस तिच्याबरोबर मुकाट चालू लागला. दहा पावलांवर लाकडाचा ओंडका होता, त्याच्यावर तिनं त्याला टेकवलं आणि समोर बसून फेरे मोजत राहिली. घुम्या जागच्या जागी पांढराफटक पडला होता.

एकेचाळिसाव्या फेऱ्याला म्हाताऱ्याची नजर परत आली. त्यानं आधी कढईकडं पाहिलं. मग ओंडक्याकडं. मग मधल्या दहा पावलांकडं.

"मी इथं कसा आलो?" त्यानं विचारलं.

घुम्यानं मान खाली घातली.

"मी तिथं होतो. आत्ता. काठी माझ्या हातात होती." त्यानं आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. "घुम्या, खरं सांग. मी चालत आलो?"

"हिनं आणलं. तुमचा हात डांबरात जात होता, आबा," घुम्या म्हणाला, आणि जो पोरगा बापापुढं कधी रडला नव्हता त्याला हुंदका आवरेना.

म्हातारा खूप वेळ ओंडक्यावर बसून राहिला. घाबरला होता तो. विंचू, साप, महापूर, कशाला न भिणारा माणूस स्वतःच्या आयुष्यातल्या हरवलेल्या दहा पावलांना भ्याला. दुपारी तो सुनेला एवढंच म्हणाला, "तुझ्या बहिणीचा डॉक्टर कुठं असतो?"

शहरातली डॉक्टरीणबाई वयानं लहान आणि बोलायला चटपटीत होती. तिनं म्हाताऱ्याच्या डोक्याला तारा लावून कागदावर रेघा काढल्या, मोठ्या यंत्रात घालून डोक्याचा फोटो काढला. पण सगळ्यात जास्त वेळ तिनं सुनेशी बोलण्यात घालवला.

"रेघा कधी सांगतात, कधी सांगत नाहीत. ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय तो खरं सांगतो. आधी काय होतं? डोळे कसे? हात कुठला हलतो? किती वेळ टिकतं?"

"कधी अडतीस फेरे, कधी एकेचाळीस."

"फेरे म्हणजे?"

सुनेनं खुर्चीत बसल्या बसल्या हवेत चाक फिरवायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाईनं घड्याळ पाहिलं. बाहेरची नर्स डोकावून हसायला लागली. "साधारण एका सेकंदाला एक फेरा," बाई म्हणाली. "झकास. असंच मोजत जा. पाच मिनिटांच्या वर गेलं, किंवा एकीला लागून दुसरी आली, तर थांबायचं नाही, सरळ दवाखाना." मग म्हाताऱ्याकडं वळली. "आबा, याच्या आधी काही जळल्याचा वास येतो का?"

म्हातारा चपापला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पुष्कळांना येतो. कुणाला वास, कुणाला पोटात गोळा. तो वास हीच फिटची सुरुवात. मेंदूच्या एका कोपऱ्यात गडबड होते, तो कोपरा वासाचा असतो. तिथंच थांबली तर तुम्ही नुसते हरवता. सगळीकडं पसरली तर पडाल."

"म्हणजे तीन वर्षं मी चुलीकडं उगाच धावत होते?" सासू उसळली. "माझे गुडघे गेले की हो!"

डॉक्टरीणबाईनं गोळ्या लिहून दिल्या. सकाळी एक, रात्री एक. आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. डांबर, जाळ, विहिरीचा कठडा, शिडी यांपासून लांब राहायचं. "आणि दोर?" म्हाताऱ्यानं बारीक आवाजात विचारलं. त्याला एवढंच विचारायचं होतं, सकाळपासून.

"दोर वळा की. मात्र एकट्यानं नाही."

पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. जळका वास नाही, हरवणं नाही. झालं, म्हाताऱ्यानं ठरवलं की आपण बरे झालो. गोळ्यांनी डोकं जड होतं, बोटं झोपाळल्यासारखी वाटतात, हे खरंच होतं. पण ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. गोळी तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा आणि परसात जाऊन थुंकायचा. दोन दिवस असं चाललं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात वाखाचा भारा उचलता उचलता त्याच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला आणि तो लाकडासारखा कोसळला. अंग ताठ, मग हातपाय झटके द्यायला लागले, ओठ निळसर. सासू किंचाळली. घुम्या स्वयंपाकघरात पळाला आणि चमचा घेऊन आला.

"अगं, दात उघड त्यांचे! जीभ तुटेल!"

"चमचा फेका तो!" सून ओरडली. या घरात ती पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं बोलली होती. "तोंडात काही घालायचं नाही. दात पडतील, श्वास अडकेल. हात दाबून धरू नका, आई. त्यांच्या डोक्याजवळचा तो दगड सरकवा."

तिनं वाखाची जुडी म्हाताऱ्याच्या डोक्याखाली सरकवली, गळ्याजवळचं बटण सोडलं आणि मोजायला लागली. झटके थांबले तेव्हा एकशे दहा झाले होते. मग त्याला कुशीवर वळवला, लाळ बाहेर येऊ दिली. श्वास घोरल्यासारखा यायला लागला. कपडे ओले झाले होते. सासूनं चादर आणली, त्याच्यावर टाकली आणि रस्त्याच्या बाजूला पाठ करून, आडोसा होऊन बसली.

तासाभरानं म्हाताऱ्याला नीट शुद्ध आली. अंग ठेचल्यासारखं दुखत होतं, जीभ चावली गेली होती. चादरीखाली आपलं काय झालंय ते त्याला कळलं आणि त्यानं तोंड घराच्या भिंतीकडं फिरवलं. घुम्यानं फोन लावला, पलीकडून डॉक्टरीणबाईनं एकच प्रश्न विचारला.

"गोळ्या घेत होतात ना, आबा?" सुनेनं तोच प्रश्न पुढं केला.

भिंतीकडून उत्तर आलं, "परसात पेरल्या."

"उगवल्या की सांगा," सासू म्हणाली, आणि एवढा वेळ धरून ठेवलेलं रडं तिला आता आलं. "मला विधवा करायची एवढी घाई आहे का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी घुम्या जाऊन बाईशी बोलून आला. बोटं जड होतात हे कळल्यावर तिनं गोळी बदलून दिली. हे आधीच तोंडातून काढलं असतं तर? पण म्हाताऱ्यांकडून काही वदवून घ्यायचं म्हणजे डोंगर हलवायचा. त्या दिवसापासून गोळी सुनेच्या हातून, आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं. म्हातारा लहान पोरासारखा आ करायचा आणि वर बघत राहायचा.

काम सुरू करायच्या दिवशी म्हातारा सकाळीच चाकापाशी गेला. घुम्या तिथं बसायला आला तर त्याला म्हणाला, "तू डांबर बघ आजपासून. इथं हिला बसू दे." मग चाकाच्या मुठीवर हात ठेवून बराच वेळ घुटमळला. चाळीस वर्षांचा नियम होता तो. तो मोडायचा म्हणजे जिवावर आलं होतं.

"सूनबाई," तो म्हणाला, "मी 'हो' म्हणायची वाट बघू नकोस. तुला वाटलं की थांबव."

सुनेनं चाक पट्टीच्या टोकाहून उचलून वीस पावलं आत आणायला लावलं. पट्टी आखूड झाली, दोराला सांधे जास्त द्यावे लागले, पण तिला त्याचं तोंड दिसायला लागलं. ते तिनं विचारलं नाही, सांगितलं. म्हाताऱ्यानं फक्त "हं" केलं.

फिट अगदीच गेल्या नाहीत. पंधरा दिवसांनी एखादी, तीही छोटी. सून चाक थांबवायची, मोजायची, आणि तो परत आला की बाईनं शिकवल्याप्रमाणं काहीतरी साधं विचारायची. पहिल्यांदा त्यानं "वार विचारतेस? मी काय खुळा आहे?" म्हणून भांडण काढलं. नंतर सवय झाली. वळलेल्या सुतळीत कुठंही तार झालेली नसायची. त्या महिन्यात एकही दोर परत आला नाही.

दुकानदार एका दुपारी स्वतःच आला. मोठी मागणी होती, समोर बसून माल बघायचा होता. तो झाडाखाली उभा राहून बघत होता आणि म्हातारा उलटा चालत होता. पंचविसाव्या पावलावर म्हाताऱ्यानं नाक वर केलं. "वास आला," तो म्हणाला, आणि तसाच राहिला.

सुनेनं चाक थांबवलं.

"का गं, थांबलीस का?" दुकानदार म्हणाला. "म्हातारा तर उभा आहे. त्यानं आवाज दिला का? याच्यामुळंच दोर बिघडतात तुमचे!"

"जरा गप्प बसा," सून म्हणाली आणि मोजत राहिली. दुकानदाराला कुणी असं बोललं नसावं, तो खरोखरच गप्प बसला.

एकोणीस. म्हाताऱ्यानं श्वास घेतला.

"आबा, आज वार कोणता?"

"मं... बुध. बुधवार." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "किती?"

"एकोणीस."

"हे काय चाललंय?" दुकानदारानं विचारलं.

सुनेनं फाटकाकडं पाहिलं. हाच माणूस, हेच फाटक. आता म्हातारा काहीतरी सारवासारव करणार, चक्कर म्हणणार, ऊन म्हणणार. रस्त्यावरून दोघंतिघं जात होते, त्यांचीही पावलं मंदावली होती. म्हाताऱ्यानं त्या सगळ्यांकडं एकदा पाहिलं.

"मला फिट आली होती," तो म्हणाला. नेहमीच्या आवाजात, लपवल्यासारखं काही नाही. "छोटी. यात माणूस पडत नाही, नुसता हरवतो. तीन वर्षं येत होती आणि मला पत्ता नव्हता. तू दोर परत आणलास तो माझ्या हातानं बिघडला होता. चार लोकांसमोर मी हिला बोललो. आज हे चार लोक आहेत म्हणून सांगतो, तिची चूक नव्हती."

दुकानदार कुठं बघावं ते न कळून झाडाच्या शेंड्याकडं बघायला लागला. "मग... आता दोर घ्यायचा कुणाच्या भरवशावर?"

"दोर माझा. भरवसा तिचा," म्हातारा म्हणाला. "पटत असेल तर थांब, नाहीतर रस्ता मोकळा आहे."

दुकानदार थांबला. घुम्यानं त्याला बसायला पाट आणून दिला. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यामुळं तिला स्वतःचाच राग येत होता, कारण पाण्यातून समोरचं धूसर दिसतं. तिनं बाहीनं डोळे कोरडे केले, मूठ धरली. पण चाक लगेच फिरवलं नाही. म्हाताऱ्याचे डोळे आधी नीट बघून घेतले, मग बोटं, मग पुन्हा डोळे.

"बघतेस काय," म्हातारा म्हणाला. "मी इथंच आहे."